शाहूपुरीतलं घरगुती पार्लर: मेहंदी आणि निळीचे 14 महिने

"बाई, आज रंग नाही लावायचा. आज नुसता ठिपका."

साताऱ्यात शाहूपुरीतल्या या पार्लरमध्ये मी पहिल्यांदा गेले तो रविवार होता. घरचं सगळं आवरून, जुना गाऊन पिशवीत घालून, चार तास बसायच्या तयारीनं गेले होते. पार्लर चालवणाऱ्या ताईंनी वीस मिनिटांत मला परत पाठवलं. डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला मेहंदीचा रुपयाएवढा ठिपका, उजव्या कोपराला निळीच्या पानांच्या पुडीचा. विसरायला नको म्हणून शेजारी बॉलपेननं 'मे' आणि 'नी' लिहिलं. तासाभरानं धुवून टाका, साबण लावू नका, तीन दिवस रोज बघा, खाज सुटली, लाल झालं, बारीक पुरळ आलं तर फोन करा, आणि काहीच झालं नाही तर पुढच्या रविवारी या. पैसे विचारले तर म्हणाल्या, "ठिपक्याचे कसले पैसे?"

त्या दिवशी जिना उतरताना मला एवढं हायसं वाटलं की काय सांगू. ते का वाटलं हे कळायला मागची हकीकत सांगायला हवी.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. वय 53. चाळिशी ओलांडली आणि भांगातून पांढरे डोकावायला लागले, तेव्हापासून मी घरीच डाय लावायचे. बाजारात मिळतो तोच, दोन ट्यूबा एकत्र करून, ब्रशनं. आधी दीड महिन्यानं, मग महिन्यानं, शेवटी शेवटी वीस दिवसांनी. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे भांगाची पांढरी रेघ काही थांबत नाही. शेवटच्या वर्षा-दीड वर्षात डाय लावला की कानामागे आणि मानेवर खाजायचं. घाम असेल, उन्हाळा असेल म्हणून मी सोडून दिलं. ते सोडून द्यायला नको होतं. खाज ही पहिली सूचना होती.

2023 च्या मे महिन्यात मला वाटलं, आता केमिकल पुरे, नैसर्गिक काहीतरी लावू. म्हणून 'काळी मेहंदी' लिहिलेलं पाकीट आणलं. वर हिरव्या पानांचं चित्र. पाण्यात कालवलं, अर्धा तास ठेवलं, केस काळेभोर झाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कपाळ जड झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी उठले तर डावा डोळा उघडेना. पापण्या पुऱ्यांसारख्या फुगलेल्या, कान दुप्पट, आणि डोक्याच्या कातडीतून पाणी पाझरून उशीचा अभ्रा पिवळा पडलेला. मुलगा मला बघून दारातच थांबला. 

त्वचेच्या डॉक्टरांनी पहिलं काय केलं, तर ते रिकामं पाकीट मागितलं. मागच्या बाजूला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात घटक होते आणि त्यात पीपीडी, म्हणजे पॅराफेनिलीनडायअमाइन. जे इतकी वर्षं ट्यूबमधून लावत होते तेच पानांच्या चित्रामागे लपलेलं. मेहंदीच्या पानात फक्त तांबूस-नारिंगी रंग असतो. अर्ध्या तासात काळा रंग देणारी मेहंदी निसर्गात नाही. हे मला, विज्ञानाच्या शिक्षिकेला, माहीत असायला हवं होतं. त्या पाकिटावर बारीक अक्षरात हेही होतं की आधी त्वचेवर चाचणी करून पाहा आणि भुवया-पापण्यांना लावू नका, अंधत्व येऊ शकतं. आपल्याकडे हेअर डायवर हा इशारा छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. इतक्या वर्षांत मी तो एकदाही वाचला नव्हता.

सूज उतरायला स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागल्या. त्या बंद होऊन दीड महिना झाल्यावर डॉक्टरांनी पाठीवर पॅच टेस्ट केली. वेगवेगळ्या पदार्थांच्या चकत्या पाठीवर चिकटवतात, दोन दिवसांनी काढतात, चौथ्या दिवशी पुन्हा बघतात, तोवर पाठीला पाणी लावायचं नाही. पीपीडीच्या जागी, जिथं तो पांढऱ्या व्हॅसलीनमध्ये जेमतेम एक टक्का होता, तिथं फोड आला. डॉक्टर म्हणाले, ही अ‍ॅलर्जी आता जन्माची. इतकी वर्षं काही झालं नाही याला अर्थ नाही. शरीर एकदा ओळखायला शिकलं की विसरत नाही. आणि खोक्यावर 'अमोनियाविरहित' लिहिलं म्हणून फसू नका, अमोनिया वेगळा, पीपीडी वेगळा. काही डायमध्ये पीपीडीऐवजी टोल्युइन डायअमाइन असतं, पण पीपीडी न सोसणाऱ्या अनेकांना तेही सोसत नाही.

पुढचे सहा-सात महिने मी पांढरे केस तसेच ठेवले. थोरली बहीण म्हणाली, छान दिसतात, आता कशाला ते झंझट? तिचे तिला शोभतात आणि ज्यांना पांढरे केस आवडतात त्यांचं मला कौतुकच आहे. पण मला माझे काळे केस आवडतात. कोणी बोललं म्हणून नाही. आरशात बघितलं की मला मी दिसायला हवी, एवढंच. त्यासाठी डोकं पुन्हा धोक्यात घालायचं नव्हतं. आमच्या शाळेतल्या लिपिक मॅडमनी या ताईंचं नाव सांगितलं. ताईंची मुलगी आमच्याच शाळेत होती, म्हणून ताई मला 'बाई' म्हणतात.

जाण्याआधी मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, शुद्ध मेहंदी आणि शुद्ध नीळ यांची अ‍ॅलर्जी क्वचित होते, पण होऊ शकते, म्हणून चाचणी हवीच. आणि आणखी एक गोष्ट सांगितली जी मी सगळ्यांना सांगते: ज्यांना जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता आहे, त्यांनी मेहंदीपासून लांब राहावं, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात. लहान मुलांच्या बाबतीत तर फारच जपावं.

आता पार्लरबद्दल. दुसरा मजला, लिफ्ट नाही. एक खोली, दोन खुर्च्या, खिडकीत कोरफडीची कुंडी आणि तिच्या पलीकडे अजिंक्यतारा. एसी नाही, गाणी नाहीत. टेबलावर स्वयंपाकघरातला वजनकाटा, आणि पावडर त्या ग्रॅममध्ये मोजून घेतात. खांद्यापर्यंतच्या माझ्या केसांना पहिल्या वेळी 100 ग्रॅम मेहंदी आणि 100 ग्रॅम नीळ लागली. पुढे फक्त मुळांना, तेव्हा दोन्ही चाळीस-चाळीस ग्रॅम.

पाकिटं त्या समोर फोडतात. मेहंदी राजस्थानातल्या पाली जिल्ह्यातल्या सोजतची, जिला 2021 साली भौगोलिक मानांकन मिळालं. पाकिटावर घटक एकच: लॉसोनिया इनर्मिस, म्हणजे मेहंदीचं शास्त्रीय नाव. निळीच्या पाकिटावर तसंच निळीचं, इंडिगोफेरा टिंक्टोरिया. दुसरं काही नाव दिसलं तर त्या पाकीट घेतच नाहीत. शिवाय नवी मेहंदी आली की चिमूटभर ओली करून पांढऱ्या फडक्यावर ठेवतात. कडेनं हिरवट पाणी सुटलं तर रंग मिसळलाय, तांबूस-तपकिरी डाग उमटला तर ठीक. आणि तळहातावर वीस मिनिटं. तिथं काळं पडलं की पाकीट सरळ परत.

(नीळ म्हणजे कपड्यांना घालायची नीळ नव्हे. ती वेगळी, केसांना लावायची नाही. ही त्या झाडाच्या वाळवलेल्या पानांची पूड, हिरवट रंगाची. ज्या निळीपायी चंपारणचे शेतकरी पिळले गेले आणि 1917 साली गांधीजी तिथं गेले, तीच ही नीळ.)

मेहंदी आदल्या रात्री भिजवलेली असते. आमची आई लोखंडी कढईत, चहाच्या उकळलेल्या पाण्यात, वर लिंबू पिळून भिजवायची, त्यात आवळकाठी आणि काथ. ताई साध्या कोमट पाण्यात भिजवतात, स्टीलच्या पातेल्यात. लिंबानं केस कोरडे पडतात आणि पांढरा केस आधीच राठ असतो, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं, कारण आईची मेहंदी लावल्यावर माझे केस झाडूसारखे व्हायचे. आवळकाठी मात्र त्या सुद्धा थोडी घालतात.

मेहंदी दोन तास. मग नुसत्या पाण्यानं धुतात, शाम्पू नाही. या टप्प्यावर आरशात बघवत नाही: पांढरे केस पेटल्यासारखे भगवे. पहिल्या वेळी माझ्या पोटात गोळाच आला. ताई म्हणाल्या, "हा पाया आहे बाई. याच्यावर निळा चढला की काळा होतो. पाया नसेल तर निळसर हिरवा दिसतो."

आणि मग नीळ. हे बघण्यासाठी मी आधीपासून खुर्ची वळवून बसते. कोमट पाणी, चिमूटभर मीठ, पूड. कालवल्या कालवल्या ती पालकाच्या भाजीसारखी हिरवी असते आणि वास येतो तो मटार सोलताना येतो तसा, जरा ओल्या कडब्याकडे झुकणारा. ताई वाटी बाजूला ठेवून घड्याळ बघतात. आठ-दहा मिनिटांत वरचा थर बदलायला लागतो. आधी कडेला, मग मध्ये, हिरव्यावर जांभळट निळी साय धरते, मोरपिसावर चमक असते तशी. चमच्यानं साय मोडली की आत अजून हिरवंच. पानातलं इंडिकन नावाचं द्रव्य पाण्यात फुटतं, त्यातून जे निघतं त्याला हवेतला ऑक्सिजन मिळाला की ते निळं होतं. आठवीच्या वर्गाला मी ऑक्सिडेशन शिकवते ते गंजलेल्या खिळ्यावरून; आता एक वाटी निळीची नेते. मुलं बाकांवरून उठून पुढे येतात. पण डोक्यासाठी मात्र ही साय दिसली की घाई करायची. सगळं वाटीतच निळं झालं तर केसात काय उरणार? ताई पंधरा मिनिटांत सगळं डोकं लावून संपवतात, दोन हातांनी, भांगामागून भांग पाडत, आणि वर प्लॅस्टिकची टोपी.

नीळ दीड तास. पुन्हा फक्त पाणी. दोन दिवस शाम्पू नाही, कारण रंग हवेत हळूहळू गडद होत जातो. पहिल्या दिवशी उन्हात हिरवट झाक दिसते, दुसऱ्या दिवशी गडद तपकिरी, तिसऱ्या दिवशी काळा. म्हणून शनिवारी-रविवारी करावं आणि सोमवारी कुणी निरखून बघितलं तरी मंगळवारपर्यंत धीर धरावा.

केसांचं म्हणाल तर फरक हाताला कळतो. केसाचं बाहेरचं आवरण कौलारू छपरासारखं असतं, एकावर एक खवले. ट्यूबमधला डाय अल्कलीनं ही कौलं उचलतो, पेरॉक्साइडनं आतला उरलासुरला रंग घालवतो आणि लहान रेणू आत शिरून तिथंच जोडले जाऊन मोठे होतात. म्हणून तो पक्का बसतो आणि म्हणूनच छप्पर दर वेळी थोडं खिळखिळं होतं. मेहंदीतला रंग, लॉसोन, कौलं न उचकटता केसाच्या केराटिन या प्रथिनाला धरून बसतो. विंचरताना फणीत येणारे तुटके तुकडे कमी झाले, केस हाताला जाड लागतात. गळती थांबली असं मी म्हणणार नाही. माझी गळती थायरॉइडची होती आणि ती गोळीनं आटोक्यात आली. पांढरे केस मुळातून काळे होतील असं तर ताईसुद्धा कधी म्हणत नाहीत. मुळाशी रंग करणाऱ्या पेशी संपल्या की वरून काहीही लावा, नवा केस पांढराच येतो.

कातडीसाठी ताईंनी जे केलं ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. गेल्या पावसाळ्यात मला कोंडा झाला होता आणि मी झोपेत खाजवलं होतं. खुर्चीत बसल्यावर ताई दर वेळी मोबाइलचा टॉर्च लावून आधी भांग भांग बघतात. त्या दिवशी त्यांना कानामागे दोन ओरखडे आणि एक खपली दिसली. "बाई, आज नाही. डॉक्टरांना दाखवा, दहा दिवसांनी या." त्या आठवड्यात शाळेत तपासणी होती, भांगात बोटभर पांढरं होतं, मी अगदी गळ घातली. त्या ऐकल्या नाहीत. दुसरी गिऱ्हाईक नव्हती, त्यांची त्या दिवसाची कमाई बुडाली, तरी ऐकल्या नाहीत. डॉक्टरांनी कोंड्याचा औषधी शाम्पू दिला, कातडी बरी झाली, मग रंग. तपासणीला मी भांग बदलून गेले.

आता ज्या गोष्टी खटकतात त्याही सांगते.

वेळ. धरून चाला, पाच तास जातात. सुट्टीचा अख्खा दिवस. डिसेंबर-जानेवारीत साताऱ्याच्या थंडीत चार तास ओलं डोकं सहन होत नाही. मला दोनदा सर्दी धरली. आता त्या मेहंदी पातेल्यासकट गरम पाण्यात ठेवून कोमट करतात आणि टोपीवरून टॉवेल बांधतात, तरी सायनसचा त्रास असणाऱ्यांनी दुपारचीच वेळ मागून घ्यावी. वाडग्याएवढा लेप डोक्यावर घेऊन मान अवघडते, आणि त्यांच्या खुर्चीला मागे टेकायला उशी नाही. हे मी त्यांना दोनदा सांगितलंय.

कानशिलावरचे केस. तिथले पांढरे हट्टी आहेत. बाकी डोकं काळं होतं आणि कानशिलावर मात्र चॉकलेटी राहतं. ताई आता तिथून सुरुवात करतात आणि निळीचा दुसरा हात देतात, त्यानं बरंच सुधारलंय, पूर्ण नाही. ज्यांना एकसारखा, डायसारखा कुळकुळीत काळा हवा असेल, त्यांचं यानं समाधान होणार नाही. मला हा रंग जास्त खरा वाटतो. उन्हात थोडी तांबूस झाक मारते, कॉलेजात असताना माझ्या केसांची मारायची तशी.

आणि हा रंग माघारी घेता येत नाही. पुढे कधी केस फिकट करायचे, हायलाइट करायचे असं मनात असेल तर निळीच्या वाटेला जाऊ नका. ब्लीच केलं तर हिरवा उमटतो. सगळ्या लांबीला दर महिन्याला मेहंदीही नको, थरावर थर बसून केस ताठ होतात. फक्त मुळं. सुरुवातीचे दोन महिने मी हट्टानं पूर्ण केसांना लावून घेतलं आणि टोकं राठ झाली, ती कापावी लागली.

पहिल्या खेपेला पूर्ण केसांचे 1,100 रुपये दिले, आता मुळांचे 600 देते, पाच आठवड्यांनी एकदा. घरी डाय लावायचे तेव्हाच्या मानानं हे महाग आहे. मधल्या काळात मोती चौकाजवळून पावडर आणून घरी करून पाहिलं, सुट्टीत जमतं. पण मागचा भांग आपल्याला दिसत नाही आणि मोरीत निळे डाग पडतात ते पंधरा दिवस जात नाहीत. मागची बाजू लावून द्यायला घरात कुणी असेल तर जरूर घरी करा. मी ताईंकडेच जाते.

आता आमच्या बहीणबाईही येतात. रंगासाठी नाही, त्यांना खोबरेल तेलानं मालीश करून घ्यायचं असतं. त्या शेजारच्या खुर्चीत डोळे मिटून बसतात, मी टोपी घालून पेपर तपासते.

जायचं असेल तर: सोमवार बंद. रविवारची वेळ आठवडाभर आधी सांगावी लागते. जुना, गडद रंगाचा टॉवेल आणि पुढून बटणांचा कपडा न्या, म्हणजे डोक्यावरून काढावा लागत नाही. अ‍ॅलर्जी, दमा, चालू गोळ्या, काही असेल ते ताईंनी विचारायच्या आधी सांगा. आणि घरात लग्नकार्य असेल तर निदान दोन आठवडे आधी जा. पहिल्या खेपेला तुम्हालाही दोन ठिपके आणि 'मे', 'नी' एवढंच घेऊन परत यावं लागेल.